या दाराचा पत्ता काय?

कॉफी आली की आधी फोटो, मग घोट. हे आता आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पुढच्या वेळी कप ठेवताना खालच्या टेबलाकडेही एकदा नीट बघा. वर काच असेल. काचेखाली चांगलं जाडजूड सागवानी लाकूड, त्यावर ओळीने ठोकलेल्या लोखंडी चुका, एका कडेला गंजलेला कोयंडा आणि मध्येच एक चौकोन, जिथे कधीतरी दिंडी होती. दिंडी म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार. रात्री मोठा दरवाजा बंद झाला की उशिरा येणाऱ्याने वाकून आत शिरायचं ते. कुणाच्या तरी वाड्याचं दार आपल्या कॉफीखाली आडवं पडलेलं असतं.

आणि ते छान दिसतं, हे आधीच मान्य करून टाकते. मलाही आवडतं. लॅमिनेट आणि प्लायवूडच्या जगात जुन्या लाकडावर हात फिरवला की बरं वाटतं. म्हणूनच तर हे सगळीकडे दिसायला लागलंय. वाड्याच्या खांबाचा लॅम्प, बैलगाडीच्या चाकाचं झुंबर, तांब्याच्या बंबात मनी प्लांट, शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर बेसिन, फार्महाऊसच्या लॉनवर जातं आणि दगडी डोणी. पूर्वी हे फक्त श्रीमंतांच्या बंगल्यात असायचं. आता वन बीएचकेच्या हॉलमध्येही एक तरी 'अँटिक' कोपरा हवाच असतो. इंटिरियरवाले अशा वस्तूला 'स्टेटमेंट पीस' म्हणतात. खोलीत शिरल्या शिरल्या जिच्याकडे नजर जाते ती वस्तू.

स्टेटमेंट म्हणजे विधान. मग माझा साधा प्रश्न आहे. ही वस्तू नेमकं काय विधान करते? टेबल झालेल्या त्या दाराबद्दल कॅफेच्या मालकाला विचारून बघा. फार तर 'कोकणातून आणलंय' किंवा 'वाड्याचं आहे, ओरिजिनल' एवढंच उत्तर मिळेल. कुठलं गाव, कुणाचं घर, ते घर अजून उभं आहे की गेलं, कुणालाच माहीत नसतं. म्हणजे त्या दाराचं विधान एवढंच उरतं की 'मी जुनं आहे'. बाकी सगळं पुसलेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या वस्तू घ्या, वापरा, मिरवा. पण ज्या वस्तूचा पत्ता सांगता येत नाही, ती विकत घेऊ नका.

वाडा पडणारच होता, पण…

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. 'अगं, तो वाडा पडणारच होता. दार आम्ही घेतलं नसतं तर जळणात गेलं असतं.' हे उत्तर खोटं नाही, म्हणून त्याकडे नीट बघायला हवं.

वाडे का पडतात? १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली गेली. तेव्हाच्या घरटंचाईत भाडेकरूंना त्याची गरजही होती. पण पुढची कित्येक दशकं भाडं जवळपास तिथेच राहिलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटेना. १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा येईपर्यंत कित्येक वाड्यांच्या तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यात भर भाऊबंदकीची. एका वाड्याचे पंधरा वारसदार, त्यातले चार परदेशात. पुण्यात नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातच गेले. उरलेल्यांवर बिल्डरचे बोर्ड लागले. त्यात राहणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण गळक्या छताखाली, सामायिक संडास वापरून 'हेरिटेज' जपा म्हणून सांगणारे आपण कोण?

तेव्हा वाडा पडतो, आणि पडताना त्याचं लाकूड वाचतं, ही चांगलीच गोष्ट. जुनं काम बघितलंत तर कळेल की ते वाचतं कसं. खांब, तुळया, चौकटी पुष्कळदा खिळ्यांशिवाय, एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याची खुंटी बसवून जोडलेल्या असतात. जसं जोडलं तसंच सोडवता येतं. शिवाय ते लाकूड सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांचं. बर्मा टीक म्हणून ज्याचं नाव घेतात तो म्यानमारचा सागवान ओंडक्यांच्या रूपात बाहेर पाठवायला त्या देशाने २०१४ मध्ये बंदी घातली. म्हणजे नवं तसं लाकूड मिळणं आणखी अवघड झालं. जुनं परत वापरलं तर एक झाड कमी तुटेल. इथवर मी या ट्रेंडच्या बाजूने आहे.

गडबड पुढे होते. दाराला मागणी वाढली की भाव वाढतो. भाव वाढला की दार पडक्या वाड्यातून तर येतंच, पण उभ्या वाड्यातूनही यायला लागतं. वाडा विकायला सगळ्या वारसदारांच्या सह्या लागतात. दार विकायला एक टेम्पो पुरतो. गावी वर्षातून एकदा गणपतीला उघडणारं घर, बाकी अकरा महिने कुलूप. अशा घराच्या माजघरातलं फडताळ, ओटीवरचा झोपाळा, देवघराची महिरप कधी हलली, हे पुढच्या गणपतीपर्यंत कुणाला कळणार? चौकट निघाली की भिंतीत पाणी मुरतं. झोपाळ्याच्या कड्या काढताना तुळई हलते. दोन पावसाळ्यांत घर खरोखरच 'पडायला आलेलं' होतं. मग आपण म्हणायला मोकळे, की ते पडणारच होतं.

म्हणून प्रश्न विचारायचा. दार आधी निघालं की वाडा आधी पडला? याचं उत्तर फक्त पत्त्यातून मिळतं.

भांड्यावर नाव घालणारी माणसं

गंमत म्हणजे वस्तूला पत्ता असावा ही कल्पना आपल्याला नवी नाही. घरातलं एखादं जुनं पातेलं किंवा तांब्या उलटा करून बघा. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, तारीख. लग्न, मुंज, वास्तुशांत, डोहाळजेवण. भांड्याच्या दुकानात वजन झालं की पुढचा प्रश्न असायचा, 'नाव काय घालायचं?' अहेराचं भांडं शेजारी गेलं तरी परत येई, कारण त्यावर नाव असे. संग्रहालयवाले ज्याला वस्तूची नोंद म्हणतात ती आपल्या आज्यांनी स्वयंपाकघरात करून ठेवली होती.

मंगलोरी कौलाचंही तेच. १८६५ मध्ये बासल मिशनने मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे तशा कौलांनी अख्खी कोकणपट्टी शाकारली गेली. कौल उलटं केलं तर बहुतेकदा कारखान्याचं नाव उमटलेलं दिसतं, कधी गावही. म्हणजे साध्या कौलालाही आपण कुठून आलो हे सांगता येतं. हजारोंना घेतलेल्या दाराला मात्र सांगता येत नाही.

पत्ता असला की वस्तूचं काय होतं, त्याचं एक उदाहरण वाईजवळ मेणवलीला आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या देवळांमध्ये पोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यातलीच मानतात. म्हणजे हा आपल्याकडचा अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा 'स्टेटमेंट पीस'. चर्चमधली वस्तू घाटावर, तीही लढाईनंतर. सगळं काही गोड नाही त्यात. पण कुणी तिच्यावरची मेरी घासून काढली नाही, साल पुसलं नाही. त्यामुळे आज त्या घंटेखाली उभं राहिलं की वसई आठवते, लढाई आठवते, जिंकलेले आणि हरलेले दोघंही आठवतात. खरं विधान करणारी वस्तू ती ही.

दुसरं उदाहरण तर पुण्यात बाजीराव रस्त्याजवळच आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या ट्रिपमध्ये बघितलं असेल, बहुतेक धावत. पुन्हा एकदा सावकाश जा. दिनकर केळकरांचं घरचं चष्म्याचं दुकान होतं. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता करायचे. आणि गावोगाव फिरून ते काय गोळा करायचे? अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, पानाचे डबे, दारं, खिडक्या. लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रह उभारला आणि पुढे राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथे २०,००० हून जास्त वस्तू आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे सुटे भाग आणून त्यांनी तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा केला. तो महाल आपल्या जागेवरून हलला, पण 'कोथरूडहून आणला' ही ओळ त्याच्याबरोबर आली. केळकरांनीही वस्तू घरातून काढून आणल्याच ना, असं कुणी म्हणेल. हो, आणल्या. पण त्यांनी त्या कॅफेच्या भिंतीसाठी कापल्या नाहीत, आणि त्या कुणालाही बघता येतात.

पत्ता म्हणजे फक्त अभिमानाची गोष्ट असंही नाही हं. वाड्याच्या दिंडीतून सगळ्यांना आत येता येत नव्हतं. कुणाला अंगणापर्यंत, कुणाला ओटीपर्यंत, कुणाला मागच्या दारापर्यंतच जायची मुभा होती. आज आपण त्या दाराला 'रॉयल' आणि 'क्लासी' म्हणतो तेव्हा त्या दाराबाहेर थांबलेली माणसंही पुसून टाकतो. जातंही तसंच. रिसॉर्टच्या बागेत त्यात पेटुनिया फुललेला असतो आणि आपण म्हणतो, 'सो रस्टिक!' त्या जात्यावर पहाटे चार वाजता कुणीतरी दळत होतं, आणि दळताना मनातलं सासर-माहेर ओवीत घालत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. एक हजाराहून जास्त गावं. ओवीला पत्ता मिळाला. बागेतल्या जात्याला मात्र नाही.

बागेतला तो दगड

आता बागेपर्यंत आलोच आहोत, तर जिथे मी अजिबात तडजोड करणार नाही ती गोष्ट सांगते.

फार्महाऊसच्या बागेत 'जुने दगड' लावायची फॅशन आहे. रगडा, उखळ, डोणी ठीक. घरगुती वस्तू आहेत, कुणीतरी राजीखुशीने विकल्या असतील. पण कधी कधी त्यातच एखादा उभा, पुरुषभर किंवा कमरेएवढा कोरीव दगड दिसतो. खाली लढणारी माणसं, मधल्या चौकटीत त्यातल्या एकाला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, सगळ्यात वर चंद्र-सूर्य. हा वीरगळ. गावासाठी, गुरांसाठी लढताना मेलेल्या कुणाची तरी आठवण. शिलाहार-यादवांच्या काळातले असे दगड महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर आजही उघड्यावर असतात. त्यांना ना कुंपण, ना पाटी. उचलून टेम्पोत टाकायला चार माणसं पुरतात.

दुसरा दगड गधेगळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. दिलेलं दान जो मोडेल त्याला घातलेली ती शिवी. बघायला विचित्र, म्हणून 'क्वर्की पीस' म्हणून कुणालाही मोह पडेल असा. अलिबागजवळ अक्षी गावातला लेख असाच. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं त्याचं वाचन केलं गेलं आणि मराठीतल्या सर्वात जुन्या शिलालेखांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. तो दगड कित्येक वर्षं रस्त्याकडेला ऊन-पाऊस खात उभा होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो कसला दगड आहे हेही ठाऊक नसेल. समजा त्या काळात कुणाला वाटलं असतं की हा आपल्या बंगल्याच्या कारंज्याशेजारी छान दिसेल, तर? मराठी भाषा दिवसाच्या दिवशी आपण स्टेटस ठेवतो त्या भाषेचा जन्मदाखलाच कुणाच्या तरी लॉनवर शोभेला गेला असता.

गावाच्या वेशीवरचा दगड अख्ख्या गावाचा असतो. त्याचं गाव हाच त्याचा अर्थ. अक्षीतून हलवला तर अक्षीचा लेख हा नुसता दगड उरतो.

याबाबत कायदाही आहे आणि तो आपल्याला वाटतो तेवढा लांबचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू, हस्तलिखितांसारख्या गोष्टींना पंचाहत्तर वर्षं पुरतात. याच व्याख्येत इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी केलेली वस्तूही येते. म्हणजे शंभर वर्षांच्या वाड्याचं दारही आलं! पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि मूर्ती-शिल्पांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. त्याहून जुना १८७८ चा कायदा सांगतो की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपये! रक्कम हास्यास्पद वाटेल, पण सांगायचं काय आहे ते स्पष्ट आहे. जमिनीतून निघालेलं ते 'सापडलं म्हणून माझं' होत नाही.

खोटं म्हातारपण

पत्ता न विचारण्याचा आणखी एक तोटा, आणि हा थेट खिशाला बसतो.

मुंबईत चोर बाजारच्या मटण स्ट्रीटला किंवा पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला एकदा तरी जा. मजा येते. पण तिथे पितळेचं एक होकायंत्र हमखास तुमच्या हातात येईल. लाकडी पेटी, झाकणावर लंडनच्या कंपनीचं नाव, जुनं साल. जहाजावरचं आहे म्हणून सांगतील. अशी होकायंत्रं, दुर्बिणी, सेक्स्टंट उत्तराखंडातल्या रुरकीमध्ये आजही ढिगाने तयार होतात. तिथे १८४७ मध्ये सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजमुळे सर्वेक्षणाच्या उपकरणांचे कारागीर गावात रुजले आणि आता तेच हात शोभेच्या वस्तू घडवतात. कारागिरी उत्तम असते. ती 'नवी' म्हणून घ्या, भिंतीवर लावा, काहीच हरकत नाही. जहाजावरची म्हणून दसपट पैसे मोजू नका.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोनही तसाच. चकचकीत नवा कर्णा, नवी पेटी, आत कुठल्या तरी मशीनचे सुटे भाग आणि वर कुत्र्याचं स्टिकर. लाकडालाही म्हातारं करता येतं. साखळीने ठोका, ॲसिड लावा, चहाच्या पाण्याने रंगवा, थोडे दिवस मातीत पुरा. जोधपूरकडे तर 'अँटिक फिनिश'चं नवं फर्निचर हा मोठा, राजरोस उद्योग आहे. त्यात लपवाछपवी नाही, गिऱ्हाईकाला हवं ते देतात. फसवणूक तेव्हा होते जेव्हा मधला माणूस नव्याला जुनं म्हणतो. आणि तो म्हणू शकतो, कारण आपण 'कुठलं?' हा प्रश्न विचारायचं सोडून 'कितीला?' एवढंच विचारतो.

ब्रिटनमध्ये जुन्या इमारतींचं सामान विकणाऱ्यांची एक आचारसंहिता आहे, साल्व्हो कोड. ती पाळणारे विक्रेते वचन देतात की चोरीचा किंवा संरक्षित इमारतीतून विनापरवानगी काढलेला माल आम्ही घेणार नाही. माल आणणाऱ्याची ओळख आणि गाडीचा नंबर ते नोंदवून ठेवतात. आपल्याकडे जुना मोबाइल विकताना दुकानदार आधार कार्डची झेरॉक्स मागतो. शंभर वर्षांच्या चौकटीसाठी एक पावती मागायला काय हरकत आहे?

आपल्या खोलीत काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही हॉस्टेलवाले, कॉट बेसिसवाले. आम्हाला कोण वाड्याचं दार विकणार? खरंय. पण हा ट्रेंड चालतो आपल्याच फोटोंवर, आणि पाच-सात वर्षांनी स्वतःचं घर लावायला लागू तेव्हाची आवड आत्ताच ठरतेय. शिवाय आपल्यातल्याच कित्येकांच्या घरात आत्ता, या क्षणी, माळ्यावर अशा वस्तू पडून आहेत, आणि त्या आपणच घालवतोय.

दृश्य ओळखीचं आहे. दिवाळीची साफसफाई. माळ्यावरून तांब्याचा बंब, घंगाळं, पितळेचे डबे खाली येतात. कल्हई करणारा आता गल्लीत येत नाही, घासायला वेळ नाही, म्हणून सगळं मोडीच्या भावाने तराजूत. त्या बंबावरच्या नावासकट. त्याच पैशांत थोडी भर घालून मॉलमधून 'व्हिंटेज कॉपर प्लांटर' येतो. म्हणजे पत्ता असलेली वस्तू किलोने विकली आणि पत्ता नसलेली नगावर विकत घेतली. गणितात नापास झालेल्या मुलालाही हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे कळेल.

त्यापेक्षा खोलीत काय ठेवता येईल सांगू? आजोबांची पत्र्याची ट्रंक. वर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव लिहिलेलं असतं. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, फौजेत जाताना ती पहिल्यांदा घराबाहेर पडली असेल. कॉटशेजारी ठेवा, वर दिवा ठेवा, आत थंडीची पांघरुणं. किंवा आजीचा अडकित्ता, फिरकीचा तांब्या, नाव घातलेली परात, पाडलेल्या घराचं एक कौल. यांना 'डिस्ट्रेस्ड फिनिश' द्यावा लागत नाही. नाव असलेली जागा मात्र घासून गुळगुळीत करू नका, आणि ट्रंकेला नवा रंग देताना ती पांढरी अक्षरं तेवढी सोडा.

विकत घ्यायचंच असेल तर चार प्रश्न विचारा. वस्तू कुठल्या गावची? कुठल्या घराची, आणि ते घर आज आहे का? काढली कुणी, कधी? पावती मिळेल का? विक्रेत्यांमध्ये प्रामाणिक माणसं आहेत, ती सांगतात. बरीचशी तर आनंदाने सांगतात, कारण इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. उत्तर टाळलं तर पुढच्या दुकानात जा. मूर्ती, देवळाचे खांब, कोरीव शिळा, वीरगळ यांच्या वाटेला मात्र जाऊच नका. कितीही स्वस्त असो, कितीही जेन्युइन पावती दाखवो. असं काही वेशीवर, शेतात दिसलं तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

आर्किटेक्चरला असलेल्यांनो, तुमच्या पेठेतला, गावातला वाडा पाडायचं ठरलंच असेल तर टेम्पो यायच्या आधी दोन दिवस मिळवा. मोजमापं घ्या, दारा-खिडक्यांचे नंबर टाका, नकाशावर दाखवा. मग ते दार कुठेही गेलं तरी त्याची चिठ्ठी त्याच्याबरोबर जाईल. कॅफेवाल्यांनाही सांगणं आहे. त्या टेबलाच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी लावा. गाव, घर, साल. मेन्यूत कॉफीच्या बिया चिकमगळूरच्या कुठल्या मळ्यातल्या आहेत हे तुम्ही छापता. टेबलाचं गावही छापा की.

आणि सुरुवात करायला ना बाजार लागतो, ना पैसे. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावरून एक वस्तू खाली काढा. आजीसमोर ठेवा आणि विचारा, 'ही कुणाची? आपल्याकडे कशी आली?' ती सांगेल ते तिच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि तो कागद त्या वस्तूच्या आत ठेवून द्या. आजी ऐंशीच्या पुढे असेल, तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका. आज रात्रीच फोन लावा.